बिटाच्या रंगाची गाठी

पवनीत आमचं गाठ्यांचं काम होतं. गाठी म्हणजे होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात तो साखरेचा हार. दोघांचं काम आहे ते. लाकडी साच्यात दोरा टाकून एकानं ताणून धरायचा, दुसऱ्यानं पाक ओतायचा. बायको ओतायची, मी दोरा धरायचो. चाळीस वर्षं. पाक, रंग सारं तिच्याकडं. ती जाऊन दीड वर्ष झालं.

पोरगी जर्मनीत असते. नात पाच वर्षांची. तिनं आजीची गाठी एकदाही घातली नाही. पुढच्या होळीला पाठवू म्हणता म्हणता राहूनच गेलं. म्हणून यंदा मीच करायला बसलो. पोरीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, आईचा तो डबीतला गुलाबी रंग नोका टाकू."

"काहून?"

"इथं तो टाकला त पाकिटावर लिहा लागते, यानं लेकराईचं ध्यान लागत नाही म्हणून. त्यापायी गोळीवाले बिटाचा रंग टाकतात. एकाच कंपनीची गोळी, तिकडे वेगळी अन् इकडे वेगळी."

"तू त हाच रंग खाऊन इंजिनियर झाली. तुयं ध्यान कुठं गेलं?"

"जर्मनीत गेलं, बाबा," म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

बीट किसून रस काढला अन् उकळत्या पाकात ओतला. रंग पार गुळासारखा तपकिरी झाला. दुसऱ्यांदाही तेच. पोरीला परत फोन लावला.

"आई पाक उतरवल्यावर रंग टाके. तुमी समोरच त बसत होते!"

बसत होतो. दोऱ्याकडं पाहत होतो.

तिसऱ्यांदा पाक उतरवून रस टाकला. फिकट गुलाबी आला. दोऱ्याचं एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं दातात धरलं अन् ओतलं. हार थोडा वाकडा झाला, पण झाला. पार्सल केलं.

होळीच्या दिवशी नात फोनवर दिसली, गळ्यात गाठी. हारातलं साखरेचं एक पदक तोडून खाल्लं अन् तिकडच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"आमच्या दुकानातल्या गोळीसारखीच लागते म्हणते. आवडली तिले."

"तिले सांग, आजीची अशी नव्हती."

पोरीनं सांगितलं. नातीनं विचारलं, मग कशी होती?

"जास्त गोड होती," म्हणालो. साखर तर मीही तेवढीच टाकली होती.