तोरण बांधायचा मान

आमच्या घरात दोर वळायचे. घायपाताची पानं कुजवायची, त्यातले धागे म्हणजे वाख काढायचा, मांडीवर पीळ द्यायचा. दसऱ्याला देवळाचं तोरण माझा बापच बांधायचा. तो मान आम्हा मांगांचा, गावानंच दिलेला. आणि त्याच गावच्या शाळेत मी पडवीत बसायची. इंग्रजांचं राज्य होतं. आमच्या पोरांना शाळेत घ्या असा हुकूम होता म्हणे. आत घ्या असं कुणी सांगितलं नसावं. मला आत बसायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

पाडव्याच्या आधी गुरुजींनी वर्ग फुलांनी सजवायचं काढलं. ते लोणावळ्याहून यायचे, तिथल्या बंगल्यांत त्यांनी असली आरास पाहिली होती. पोरांनी पतंगाच्या कागदाची फुलं केली, खळीनं भिंतीला चिकटवली. रानातून पळस आणला, पांगारा आणला, बाभळीच्या काट्यांनी पानं टाचून झालरी केल्या. मी खिडकीतून बघत होते. जीव नुसता जळत होता. दाराचं तोरण मात्र काही जमेना. फुलांच्या भारानं शिवणाचा दोरा तटातट तुटायचा आणि पोरं पळसाला शिव्या घालायची. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग गुरुजींना पडवी आठवली. "वडिलांना म्हणावं, बारीक दोरी वळून द्या."

आबानं, माझ्या बापानं, दोरी वळून दिली. फुलं मी ओवली, दाभणानं, मधेमधे आंब्याची पानं घालून. झकास झालं होतं, उगाच कशाला लाजू? दुसऱ्या दिवशी घेऊन गेले तर गुरुजी म्हणाले, "उंबऱ्याबाहेर ठेव. पोरं पाणी शिंपडून घेतील."

काम सरो, वैद्य मरो. माझं डोकंच फिरलं.

"न्हाई ठेवायची. देवळाचं तोरन माजा बाप बांधतो, तवा कोन पानी शिपडत न्हाई. मान आमचा हाय. मीच बांधनार."

"ते देऊळ. ही शाळा आहे."

"मंग देवापरीस शाळा सोवळी का, गुरुजी?"

आतली पोरं फिदीफिदी हसली. गुरुजींचे कान लाल झाले, पण तोरण तर हवं होतं. "बांध, आणि हो बाजूला," ते म्हणाले.

दार बुटकंच होतं. पडवीतला ओंडका ओढून मी उंबऱ्याला लावला, वर चढले, दोन्ही टोकं खिळ्यांना आवळली. आणि उतरताना आतल्या बाजूला उतरले. सरळ जाऊन कागदी फुलांखाली भिंतीला टेकून बसले.

"बाहेर हो!" गुरुजी ओरडले. मी हलले नाही. छडी उगारून ते पुढे आले आणि हातभर अलीकडेच थांबले. छडीलाही विटाळ होतो ना. पोरं पलीकडच्या भिंतीला चिकटली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मला बाहेर काढायचं तर कुणाला तरी मला हात लावावा लागणार.

"या की," मी म्हणाले, "कोन वडतंय मला?"

कुणी आलं नाही. शेवटी गुरुजींनी त्या दिवसाची शाळाच सोडून दिली. पोरं अंग चोरत बाहेर पडली, त्यांच्यामागून गुरुजीही गेले, सगळे माझ्या तोरणाखालून. वर्गात मी एकटी उरले. मग उठले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.