बिनआवाजाचा घोट

माठात पाणी ओतताना गुडगुड झाली की मला आबांचा, माझ्या वडिलांचा, गळा आठवतो. घोट घेतला की त्यांच्या गळ्यातून अगदी तसाच आवाज यायचा आणि दुपारी खाल्लेली ज्वारीची भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी तोंडात परत यायची. लाजेनं त्यांनी पंगतीला बसणं सोडलं. शेळ्या घेऊन रानात जायचे आणि तिकडंच एकटे जेवायचे. अंगावर नुसती हाडं उरली, तेव्हा आम्ही त्यांना टेंभुर्णीहून शहरातल्या दवाखान्यात नेलं. अन्ननलिकेच्या तोंडाशी पिशवी झालीय, अन्न तिच्यात अडकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बेशुद्ध करणार म्हणून मायचा जीव थाऱ्यावर नव्हता, पण ऑपरेशन तोंडातूनच झालं आणि नीट झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना पाण्याचा पहिला घोट दिला. आबा तो गिळून कान देऊन बसले आणि मग घाबरून म्हणाले, "बाई, पाणी आत गेलंच न्हाई. आवाज कुठं आला?" बाई हसल्या. "आबा, पाणी असंच जात असतं." त्यांनी अजून एक घोट घेतला, पुन्हा थांबून ऐकलं, आणि खिडकीशी उभ्या मायकडं बघत सगळा पेला संपवला. परवा राजूरला पंगतीत ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी पाणी प्यायला तांब्या उचलला, तसा मी सवयीनं कान दिला. ऐकू आलं ते एवढंच, "ए वाढप्या, इकडं भात आण अजून."