बावन्न नंबरचा पोरगा

लोणच्याच्या बरणीत फोडी मुरतात तसे आमच्या क्रीडा विभागाच्या कपाटात किस्से मुरतात. जाळी काढायला जावं तर एक निघतो, शिट्टी शोधावी तर दुसरा. मी तिथली कारकून. फुटबॉलला आयुष्यात कधी पाय लावला नाही, पण कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि कान शाबूत आहेत.

दर जानेवारीत आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजच्या मैदानावर तीन मोठ्या क्लबांची माणसं येतात. आसपासच्या कॉलेजांची पोरं तीन दिवस त्यांच्यासमोर खेळतात आणि शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून, पाळीपाळीने, प्रत्येक क्लब चार-चार पोरं उचलतो. थेट मोठ्या संघात नाही हं! क्लबच्या डेव्हलपमेंट संघात. म्हणजे मंगल कार्यालयात शिरलो, पण पंगत अजून लांब आहे. तरी तिथवर पोहोचायलाच पोरं जीव टाकतात. एकवीस वर्षं पूर्ण झाली की तेही दार बंद.

मला पहिल्यापासून एकच कुतूहल. हे लोक बघतात तरी काय?

* * *

नियम असा की निवडणाऱ्यांना नाव कळता कामा नये. पोराच्या छातीवर नुसता नंबर. कुठल्या नंबरचं नाव काय, ते फक्त माझ्या रजिस्टरात. कारण आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या या जुन्या वस्तीत, नाव कळलं की आडनाव कळतं, आडनाव कळलं की कुणाचे तरी काका निघतात, आणि काका निघाले की फोन येतो.

पहिल्या वर्षी मी एकपासून नंबर वाटायला घेतले. त्रेचाळीस पोरं, आणि सगळ्यांना दहा नंबरच हवा! दोघांनी तर त्या नंबरचं बनियन दोन्हीकडून ओढून फाडलं. आमचे मैदानाचे रामस्वरूपजी म्हणाले, "मैडम, दस नंबर को ही घर भेज दो।" म्हणून पुढच्या वर्षी मी एकतीसपासून सुरुवात केली. म्हटलं, आता घ्या दहा.

सकाळी बघते तर सदतीस नंबरवर मारामारी. रामस्वरूपजींनी एकाची कॉलर धरून कारण विचारलं. तो म्हणाला, "अंकल, तीन और सात जोड़ के देखो।"

* * *

गोव्याच्या क्लबचे परेरा सर गप्पिष्ट. निवड सुरू व्हायच्या आधी त्यांना बेडई, म्हणजे इथली डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी लागते, मगच त्यांचे डोळे उघडतात. एका वर्षी त्यांनी पहिल्याच पाळीला असा पोरगा उचलला की मला वाटलं, जिलबीचा पाक डोक्यात गेला. त्या पोराचे पास मी स्वतः मोजले होते. दहातले सहा चुकीचे!

मी चहा देताना विचारलंच. म्हटलं, सर, मला कळत नाही, पण हा तर चुकतच होता.

"चुकतात सगळेच," ते म्हणाले. "चुकल्यावर हा सहाही वेळा बॉलच्या मागे परत धावला. बाकीचे कमरेवर हात ठेवून पंचाकडे बघत होते."

त्या दिवसापासून मी कमरेवर हात ठेवून कुणाशी बोलत नाही. निदान ऑफिसात तरी.

* * *

पुण्याच्या क्लबचे टिकेकर सर म्हणजे परेरांच्या बरोबर उलट. चहा बिनसाखरेचा, आणि बोलणंही. पहिल्या दिवशी बॉल उत्तरेच्या गोलपाशी, आणि हे दक्षिणेकडे तोंड करून वहीत रेघा ओढतायत. रामस्वरूपजींना राहवलं नाही. "साहब, मैच उधर है।" सरांनी मान हलवली आणि आणखी एक रेघ ओढली.

तीन दिवस मी त्या रेघांमागे लागले, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. बॉल पायाशी यायच्या आधी पोरगा खांद्यावरून मागे वळून बघतो का, हे ते मोजतात. वळला की एक रेघ. मागे कोण आहे हे ज्याला आधी ठाऊक, तो बॉल आल्यावर घाबरत नाही. बाकी सगळं शिकवता येतं म्हणे.

प्रत्येक पोरासाठी ते एक कागद लिहितात. वर नंबर, खाली एका ओळीत शेरा. ते कागद निळ्या फाइलीत, आणि फाइल माझ्या कपाटात. पोरांना फक्त यादी दिसते. का घेतलं नाही हे कुणाला कधी सांगायचं नाही, आणि शेरा फुटला तर तो पोरगा बाद. क्लबांनी मिळून ठरवलेला नियम आहे.

एकदा मी सहज विचारलं, "सर, तुम्ही कुठपर्यंत खेळलात?"

"कॉलेजपर्यंत."

"मग?"

"मग यादी लागली," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

* * *

आता ओंकारचं सांगते. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात आमच्या दारासमोर त्याचं दार. डाव्या पायाचा, मधल्या फळीत खेळणारा, आणि स्वभावाने इतका गरीब की मांजर आडवं गेलं तर त्यालाच सॉरी म्हणेल. दोन वर्षं आला, दोन्ही वर्षं यादीत नाही. दुसऱ्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"काकू, मला घेऊ नका, ठीक आहे. पण इतना तो बताओ की कमी काय आहे? मी पूरा साल तीच मेहनत करेन, तुम्ही म्हणाल ती. पर पता तो चले."

त्याच्याकडे एकच वर्ष उरलं होतं. मी त्याला नुसते पोहे दिले. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ऑफिसात गेले, कपाट उघडलं, रजिस्टर आणि निळी फाइल शेजारी शेजारी ठेवली. तीनच शब्द होते: वळून बघत नाही.

संध्याकाळी जिन्यात गाठून मी त्याला तेवढे तीन शब्द सांगितले. नोकरीतल्या सव्वीस वर्षांतली माझी पहिली चोरी.

पोराने काय करावं? रोज दाल बाजारातून चालायला लागला! तिथे पुढून हातगाडी, मागून टेम्पो, बाजूने पोतं घेतलेला हमाल. हा दर चार पावलांवर खांद्यावरून मागे बघतो, आणि टेम्पो जवळ आला की पुन्हा न बघताच बाजूला होतो. महिनाभरात एका दुकानदाराने त्याला आत बोलावून पाणी दिलं आणि विचारलं, "बेटा, कौन पीछे पड़ा है? नाम बताओ, हम देख लेंगे।"

त्याची आई तर माझ्याकडे रडवेली होऊन आली. म्हणाली, जेवतानासुद्धा मागे बघतो हो, एखाद्या मुलीच्या भावांनी तर धरलं नाही ना? मी काय सांगणार! म्हटलं, वय आहे, जाईल.

* * *

या जानेवारीत ओंकारचा नंबर बावन्न. त्याची शेवटची संधी. तीन दिवस तो असा खेळला की माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळलं. शेवटच्या संध्याकाळी ऑफिसात चिठ्ठ्या निघाल्या. पाळ्या फिरत गेल्या. परेरांचे चार झाले, कोलकात्याच्या क्लबचे चार झाले. टिकेकरांचा शेवटचा एक उरला, आणि बावन्न अजून कुणी घेतला नव्हता. मी रजिस्टरात डोकं घालून बसले होते.

टिकेकरांनी वही मिटली.

"हा डाव्या पायाचा पोरगा मागच्या वर्षी अख्ख्या सामन्यात दोनदा वळला होता," ते म्हणाले. "या वेळी अर्ध्या सामन्यात एकोणतीस वेळा. हे आपोआप होत नाही. याला कुणी सांगितलं?"

परेरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. ज्याचं भलं करायला गेले, त्याचं दार मीच माझ्या हाताने लावलं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "किल्ली माझ्याकडे असते. त्याने काही चोरलेलं नाही, सर. माझं काय करायचं ते करा, त्याला काढू नका."

टिकेकरांनी यादी पुढे ओढून चौथ्या ओळीत बावन्न लिहिलं, खाली सही केली. मग माझ्यापुढे हात केला. किल्ली मागत होते. मी कनवटीची काढून दिली. सव्वीस वर्षांत ती दुसऱ्याच्या हातात कधी दिली नव्हती.

त्यांनी स्वतः कपाट उघडलं, निळी फाइल काढली आणि माझ्या टेबलावर, रजिस्टराच्या शेजारी ठेवली. सगळ्या वर्षांचे सगळे कागद. किल्ली वर ठेवली.

"यात नुसते नंबर आहेत, सबनीसबाई. नावं तुमच्याकडे," ते म्हणाले. "बाकीच्यांना कधी सांगताय?"