एकशे चाळीस भोकं

सस्काचेवान प्रांतातल्या आमच्या गावात कुणाच्या आजारपणासाठी पैसे उभे करायचे असले, की लोक आधी ओरिसियाकडे जातात. ती माझी धाकटी बहीण. ती कॉफी पुढे ठेवते आणि एकच विचारते, "ज्याच्यासाठी करायचं, त्याला काय चांगलं येतं?" नवखी माणसं गोंधळतात. मी नाही गोंधळत. हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक आहे, आणि तेव्हा मी किती शहाणपणा पाजळला होता तेही.

ती पंधरा वर्षांची होती. जानेवारीत वसिल बोयचुक यांचं घर जळालं. वसिलकाका आमच्या शाळेची बस चालवायचे. एकटा माणूस, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला. उणे तीसच्या थंडीत भावाच्या गॅरेजमध्ये राहू लागला. फादरनी पाकिटात पैसे घालून पाठवले, तर दुसऱ्या दिवशी ते पाकीट चर्चच्या दाराच्या कडीला अडकवलेलं सापडलं. वर लिहिलं होतं, 'कुणा गरजूला द्या.'

चर्चच्या मुलांच्या मंडळात दरवर्षी एकाने मदतीचा कार्यक्रम ठरवायचा असे. त्या वर्षी पहिल्यांदाच ओरिसियाची पाळी आली. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि मंडळातलं जुनं खोड, म्हणून सांगून टाकलं, "जेवण ठेव. बटाटा भरलेल्या पेरोगी, कोबीचे रोल, सॉसेज. हॉल भरतोच. यात डोकं चालवायची गरज नाही."

"मग वसिलकाकांना पुढच्या टेबलावर बसवणार?"

"बसवणारच. नेहमी तसंच करतात."

ज्याच्यासाठी जेवण, त्याला सगळ्यांकडे तोंड करून बसवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, ही आमची रीत.

"ताई, त्यांनी पाकीट परत केलं," ती म्हणाली. "ते मान खाली घालून कोबी खात बसतील असं वाटतं तुला?"

मला राग आला. कालची पोर मला शिकवत होती. पण हिचं तरी कुठे ठरत होतं? केक विकू म्हणाली, मग गाड्या धुऊ म्हणाली. सस्काचेवानच्या हिवाळ्यात गाड्या धुणार होती ही! तीन आठवडे गेले. फादर रोज विचारायचे आणि ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची.

आग लागल्यापासून बसमध्ये वसिलकाका कुणाशी बोलत नसत. पोरंही दुखवट्याला आल्यासारखी गुपचूप चढायची. एके दिवशी उतरताना ओरिसियाने सहज विचारलं, "काका, यंदा तळ्यावर बर्फ किती धरलाय?"

आणि तो माणूस बोलू लागला. कुठे दोन फूट आहे, कुठे खालून झरा असल्याने धोका आहे, पहार मारल्यावर बर्फाचा आवाज कसा यायला हवा, सगळं. मागे गाड्या खोळंबल्या होत्या. आमच्या गावात गोठलेल्या तळ्यावर गाडी कधी घालायची हे वसिलकाका ठरवतात, तोवर महापौरसुद्धा काठावर थांबतो.

ती घरी आली ती धावतच. "बर्फावर मासे धरायची स्पर्धा! माणशी पाच डॉलर, बर्फात माणशी एक भोक, त्यातून गळ सोडायचा."

"लोक तिथे फुकट बसतात, बाई," मी म्हणाले. "पैसे काय म्हणून देतील?"

"भोक वसिलकाका पाडणार म्हणून."

मी आठवडाभर अबोला धरला.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून काका हातातलं लांब गिरमीट फिरवत होते. एकशे चाळीस भोकं पाडली त्यांनी. घामाने टोपी भिजली, भिजली ती गोठली. वर लोकांना दटावत होते, "ए, तिकडे कुठे? बुडायचंय का? फादर, सरका, गळ अडकतोय तुमचा!" मी कॉफी विकत होते. त्यांचा तो आवाज ऐकला आणि मला माझ्या कोबीच्या रोलांची लाज वाटली.

संध्याकाळी ओरिसियाने पैशांचा डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले.

"मला नको, पोरी."

"ही मदत नाही, काका. लोकांनी भोकाचे पैसे दिलेत. भोकं कुणी पाडली?"

ते गिरमिटावरचा बर्फ झाडू लागले.

"मी तर एकही पाडलं नाही. मग मी कशी ठेवू?" डबाही त्या पाकिटासारखा चर्चच्या दाराच्या कडीला लटकला असता तर त्या पोरीने परत कधी कशात हात घातला नसता. आजूबाजूला सगळे खाली बघून उगाच दोऱ्या गुंडाळत होते.

काकांनी हातमोजा काढला आणि खिशातून पाच डॉलरची चुरगळलेली नोट काढून डब्यात टाकली.

"एक भोक मी स्वतःसाठी पाडलं होतं," ते म्हणाले. "मासा नाही लागला. पण बसलो होतो तासभर."

मग त्यांनी डबा काखेत मारला, गिरमीट उचललं आणि गाडीकडे चालू लागले.