सिगारेटवाल्यांच्या स्टेजवर प्रेमल

उद्या सकाळी प्रेमल क्राइस्टचर्चच्या एका मोठ्या हॉलमध्ये स्टेजवर चढेल. तोवर लखीबेनचं काय झालं ते त्याला कळलेलं नसेल, किंवा नको त्या माणसाच्या तोंडून कळलेलं असेल. यातलं कोणतं जास्त वाईट, हे संध्याकाळपासून मला ठरवता येत नाहीये.

प्रेमल छिबा माझा धाकटा मुलगा. वेलिंग्टनजवळ लोअर हटमध्ये ताइताच्या वळणावर आमची डेअरी आहे, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किरकोळ दुकान. दूध, पाव, वर्तमानपत्रं, पोरांच्या गोळ्या-चॉकलेटं, आणि काउंटरमागच्या बंद कपाटात सिगारेट. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत तो वाढला. लहानपणी कोणी काही विचारलं तर तोंड न उघडता बोटाने दाखवायचा: साखर तिकडे, दूध इकडे. शाळेत भाषणाची स्पर्धा होती. विषय होता 'माझा लाडका प्राणी', आणि आमच्याकडे प्राणी नव्हता, म्हणून त्याने आइस्क्रीमच्या फ्रीजरवर बोलायचं ठरवलं. त्याला नाव ठेवलं, त्याच्या घुरघुरण्यावर चार ओळी लिहिल्या. मग वर्गासमोर उभा राहिला, सगळे वाट बघत राहिले, आणि तो शांतपणे जागेवर जाऊन बसला. मला वाईट वाटलं. त्याचे पप्पा हसले. म्हणाले, "दुकानदाराला बोलायला कशाला लागतं? हसता आलं की झालं."

त्याला दुकानदार व्हायचंच नव्हतं. जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत तो लागला. दिवसभर टेकड्यांवर, वाऱ्यात, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. केस विस्कटलेले, गाल लाल, डबा रिकामा करून घरी यायचा. इतकं सुखी मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. मग पप्पांना झटका आला आणि सहा महिन्यांसाठी म्हणून तो दुकानात आला. ते गेले, आणि प्रेमल राहिलाच.

गिऱ्हाइकांना तो आवडायचा. तुआला म्हणून एक सामोअन आजी रोज पेपर न्यायला येतात. त्या म्हणायच्या, "पोरा, तू बोलत नाहीस म्हणून मी इथे येते. घरी माझा नवरा चौघांचं बोलतो."

ग्लेनलाही तो आवडायचा. ग्लेन सिगारेट कंपनीचा माणूस. दर काही आठवड्यांनी येऊन कपाट उघडून बघणार, कुठला खण रिकामा आहे ते सांगणार, मग बसून चहा पिणार. इतक्या वर्षांत आमच्यासाठी केक आणला तो बिनअंड्याचाच. पप्पा गेल्यावरच्या भजनाला काळा टाय लावून आला आणि मोजे घालून दोन तास जमिनीवर बसला. आमच्या नात्यातली निम्मी माणसं मध्येच उठून गेली होती.

गेल्या वर्षी आजूबाजूच्या डेअऱ्यांवर धाडी वाढल्या. चोरलेली गाडी काचेत घालायची, आत शिरून सिगारेट पिशव्यांत भरायच्या, तीन मिनिटांत पसार. पैशांच्या गल्ल्याकडे कोणी बघतही नाही. माझी सून, प्रेमलची बायको हीना, म्हणाली, "आपण विकणंच सोडूया. त्यात सुटतं तरी काय? दहा पाकिटं विकल्यावर एका चॉकलेटाएवढं."

प्रेमलला ते पटलं. त्याने माल मागवणं थांबवलं, कपाट हळूहळू रिकामं होऊ दिलं. ग्लेनने रिकामे खण पाहिले, पण रागावला नाही.

"दोस्ता, तुझं दुकान, तुझी मर्जी," तो म्हणाला. "पण ऑक्टोबरात ऑकलंडला दुकानदारांचं प्रदर्शन आहे. ज्यांची कपाटं भरलेली आहेत त्यांना विमान आणि हॉटेल आमच्याकडून. मुलांना घेऊन ये, आईला आण. चार दिवस मजा कर आणि मग सोड हवं तर."

प्रेमलने कधी कुणाला कुठे नेलं नव्हतं. त्याने कपाट भरलं.

प्रदर्शनाच्या आधीच चोर आले, सकाळी, पाव लावत असताना. चार जण होते, एकाच्या हातात हातोडा. प्रेमल काउंटरमागून बाजूला व्हायला निघाला, पण ज्या बाजूला सरकला तिकडेच कपाट होतं. त्यांना वाटलं अडवतोय. एक घाव खांद्यावर बसला, एक कानावर. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही.

पोलीस नीट वागले, लिहून घेऊन गेले. समुपदेशनाला नंबर लावला, तो यायला अजून वेळ आहे म्हणतात. आपली माणसं डबे घेऊन आली आणि म्हणाली, "जीव वाचला ना, उपकार मान." त्यानंतर काय बोलणार? ग्लेन मात्र त्याच दिवशी काचवाल्याला घेऊन आला, मागच्या खोलीत दुधाच्या क्रेटवर बसला आणि म्हणाला, "सांग." प्रेमलने सांगितलं. ग्लेन म्हणाला, "परत सांग, घाई नाही." त्या खोलीत माझा मुलगा तासभर बोलत होता, आणि मी बाहेर काचा झाडत ऐकत होते. जन्मात त्याला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मग ऑकलंडला गेलो ते प्रेमलच्या कानाला पट्टी बांधूनच. जाण्याआधी ग्लेनने विचारलं होतं, "तिथे दोन शब्द बोलशील?"

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे गोंगाट नुसता. कॉफीची यंत्रं, बर्फाच्या रंगीत सरबतांची यंत्रं, मोफत गरम पेस्ट्र्या, चक्र फिरवून बक्षिसं. मुलं खूश. सगळ्यांत मोठी जागा सिगारेटवाल्यांची. तिथे एकही पाकीट दिसत नव्हतं, कंपनीचं नावसुद्धा बारीक. पांढरे सोफे, ताजी फुलं, आणि खास आपल्या लोकांसाठी बिनकांद्याचे सामोसे. त्यांना लागूनच दुकानात बसवायची धुक्याची यंत्रं विकणारा होता. बटण दाबलं की दुकान पांढऱ्या धुराने भरतं आणि चोराला काही दिसत नाही. सिगारेटवाल्यांशी करार असला तर यंत्रावर अर्धी सूट.

जेवताना माझ्याशेजारी लखीबेन भाणा बसल्या. टोकोरोआच्या, विधवा, एकट्या दुकान चालवणाऱ्या. मी जलालपोरची आणि त्या जवळच्याच गणदेवीच्या, त्यामुळे दोन घासांत ओळख झाली.

"नयनाबेन, मी तर सोमवारपासून बंद करणार सिगारेट," त्या म्हणाल्या. "मुलीने डोकं खाल्लंय. म्हणते, मम्मी, तू पाच फुटांची, चोर आले तर त्यांना तू दिसणारसुद्धा नाहीस."

"मग बरंच की. लपायला यंत्र नको."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

दुपारी प्रेमल बोलला. पहिलं वाक्य अडखळलं, मग सुरू झाला तो झालाच. सरकारने कर वाढवला, सिगारेट सोन्याच्या भावाची झाली, म्हणून तो हातोडा माझ्या दुकानात आला, असं तो म्हणाला. हॉलमध्ये चमचाही वाजत नव्हता. कपाट आपण रिकामं होऊ दिलं होतं, आणि ते कशासाठी पुन्हा भरलं, हे त्यात नव्हतं. मला ते जाणवलं आणि तरीही मी टाळ्या वाजवल्या. फ्रीजरवरचं भाषण न करता परत बसलेला माझा मुलगा, आणि पाचशे माणसं त्याच्यासाठी उभी.

मग प्रश्न विचारायचे होते. लखीबेन उठल्या. "भाई, एवढं झाल्यावर विकणं सोडावं असं तुला नाही वाटलं?"

प्रेमलने ऐकू येणारा कान त्यांच्याकडे वळवला. मग ग्लेनकडे पाहिलं. ग्लेनने काही खूण केली नाही, तो नुसता हसून उभा होता.

"नाही," प्रेमल म्हणाला. "सिगारेटवाला गिऱ्हाईक गेला की दूध-पाववालाही जातो. आणि आपण घाबरून सोडलं तर ते जिंकले."

निघताना लखीबेननी माझा हात धरला. "तुमचा छोकरा हातोडा खाऊन उभा आहे, आणि मी नुसत्या भीतीनेच सोडायला निघाले होते. लाज वाटली मला. बघू, आणखी वर्षभर चालवते."

मी त्यांना रिकाम्या कपाटाचं सांगितलं नाही. प्रेमलला ही गोष्ट सांगितलीही नाही. तो त्या दिवशी खुशीत होता.

त्यानंतर हॅमिल्टन झालं, नेपियर झालं, दोनदा वेलिंग्टनला मंत्र्यांच्या माणसांसमोर झालं. भाषण सुधारत गेलं. कानात बसवायचं यंत्र मिळालं तेव्हा ग्लेन म्हणाला, "घरी वापर की. स्टेजवर मात्र राहू दे. तू वळून ऐकतोस ना, ते लोकांना भिडतं." आता प्रेमल ते घरीही घालत नाही. आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, पप्पा, तुम्हाला तेव्हा दुखलं का, तर त्याने स्टेजवरच्याच शब्दांत, स्टेजवर थांबतो तिथेच थांबत, तिला सगळं सांगितलं. ती उठून माझ्याकडे आली. गेल्या महिन्यात भांडी पुसताना त्याने मला विचारलं, "मम्मी, आपण खरंच कपाट रिकामं होऊ दिलं होतं का? की ते मी नंतर मनाने रचलं?"

"होऊ दिलं होतं," मी म्हणाले.

"हं," म्हणाला, आणि तीच ताटली पुसत राहिला.

काल सकाळी टोकोरोआला लखीबेनच्या दुकानात गाडी घुसली. त्या काउंटरमागे होत्या. आज संध्याकाळी त्यांच्या भाचीने मला कळवलं. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात आहेत, शुद्ध नाही, डॉक्टरांनी मुलांना बोलावून घ्या म्हटलंय. मी हीनाला सांगायला गेले तर तिला आधीच माहीत होतं. ग्लेनचा फोन येऊन गेला होता.

"प्रेमलला सांगितलं त्याने?"

"नाही. म्हणाला, आज रात्री त्याला झोपू दे. सकाळी नाश्त्याला मी स्वतः सांगतो, जपून." हीना माझ्याकडे न बघता मुलांचे कपडे घडी घालत होती. "आणि त्याला झेपलं तर सुरुवातीला त्यांचं नाव घेऊन एक मिनिट शांत उभं राहायचं. सगळा हॉल उभा राहील म्हणाला."

"लखीबेनच्या नावाने?"

"मम्मी, आदर म्हणूनच ना. ग्लेन काही वाईट माणूस नाही."

"वाईट असता तर प्रेमलने केव्हाच घालवला असता."

"मग काय करायचं? तुम्ही आत्ता सांगितलंत तर तो रात्रभर भिंतीकडे बघत बसेल. क्राइस्टचर्चला तो एकटा आहे. काही करून घेतलं म्हणजे?" तिने घडी घातलेला शर्ट परत उलगडला. "उद्याचं होऊन जाऊ दे. घरी आल्यावर सांगू, आपण सगळे असू."

तिचं चुकत नाही. तीच त्याच्या शेजारी झोपते, तो कसा दचकून उठतो ते ती बघते. मीही तिला हो म्हणून खोलीत आले. पण तेव्हापासून डोळ्यांसमोर तोच नाश्ता येतोय. ग्लेन त्याच्या उजव्या बाजूला बसेल, खांद्यावर हात ठेवेल, आणि लखीबेन प्रेमलच्या भाषणाची पहिली ओळ होतील. दुपारपर्यंत ती ओळ त्याला पाठ झालेली असेल. मग मी काहीही सांगितलं तरी तो मान वळवून ऐकेल आणि विचारेल, मम्मी, खरंच असं झालं होतं का?

माझ्याकडून त्याला जे कळेल ते ग्लेन सांगेल त्याहून वाईट आहे. लखीबेन सोमवारी बंद करणार होत्या, आणि त्याचं उत्तर ऐकून त्यांनी केलं नाही. आईने मुलाला सांगायची ही गोष्ट नव्हे. पण उद्याच्या हॉलमध्येही कुणीतरी बंद करायचं ठरवून आलेली बसली असेल, आणि ती हात वर करून विचारेल. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते त्याचं त्याने ठरवावं, पण सगळं माहीत असताना.

हीनाला उठवून सांगितलं की मी फोन करतेय. ती उशीला पाठ टेकून बसली. तो मोबाइल बंद करून झोपतो, तेव्हा हॉटेललाच लावावा लागेल. मी सांगेन, छिबांच्या खोलीत फोन जोडून द्या, आई बोलतेय. उचलला नाही तर वर जाऊन दार वाजवा आणि त्याला उठवा.