पुरलेल्या बैलाचा तपास

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण ते रिकामे खड्डे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

जनावरांच्या साथीचे दिवस होते. मी सांगलीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक निवृत्त सुभेदार आले. साथीत मेलेला बैल त्यांनी रानात पुरला होता.

“साहेब, माझा बैल खड्ड्यात न्हाई. माती एका दिवसात हातभर खाली बसलीया. गाव म्हणतंय, मेलेली जनावरं उठून जात्यात. मी फौजेतला माणूस, मला पटत न्हाई.”

स्टेशन डायरीत नोंद केली. पशुवैद्यकीय अधिकारी आणि दोन पंच घेऊन भर दुपारी खड्डा उघडला. आत फक्त चुना. शेजारच्या रानांतले तीन खड्डेही रिकामे. उघडण्याआधी मात्र वरची माती नीट थापलेली आणि मालकांनी वाहिलेली फुलं जागच्या जागी होती. एक पंच सही करायलाही पुढं येईना.

चोर फुलं परत ठेवत नाही, आणि पुरलेला बैल वर काढायला यंत्र लागतं. मी हे खड्डे खणून देणाऱ्या, गावातल्याच जेसीबीवाल्याला बोलावलं. तासभर तो ‘मला काय ठावं न्हाई’ एवढंच म्हणत होता. शेवटी विचारलं, “फुलं परत का ठेवलीस?”

त्याचा चेहरा उतरला. “आवं साहेब, मालकानं रडत वाहिल्याली फुलं ती. टाकून द्यायला हात धजंना.”

“आणि जनावरं?”

“सातारच्या हद्दीत भट्टीवर दिली. उकळून, दळून पूड करत्यात. कोंबड्यांच्या खाद्यात घालत्यात.”

तिकडच्या पोलिसांना घेऊन छापा घातला. शेडमध्ये कढया, चक्की, पोत्यांची थप्पी. कत्तलखान्यातला तपासलेला माल पूर्ण शिजवून अशी पूड परवान्यानं करतात, हे सोबतच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितलं. इथं परवाना नव्हता आणि माल रोगी जनावरांचा. मी मूठभर पूड घेतली. कोमट होती. वास भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा, चक्क चांगला. पलीकडच्या पोल्ट्रीत शिरलो तशा हजारो कोंबड्या एकदम गप्प झाल्या आणि माना वळवून आमच्याकडं बघत राहिल्या.

सुभेदारांना सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कुणी खणला रं खड्डा, आमच्याच गावच्या पोरानं न्हवं? पुरून झाल्यावर माझ्या सोप्यात बसून च्या पिला त्यानं.” मग म्हणाले, “भुतानं नेला असता तर बरं झालं असतं, साहेब.”

त्यानंतर प्रत्येक तपासात मी आधी विचारायचो, त्या वेळी मदतीला कोण आलं होतं? बऱ्याचदा उत्तर तिथंच सापडायचं. तो प्रश्न विचारताना मला कधीच बरं वाटलं नाही.