कोरांटीला नख

वाळकी काडी दिसली की मावशी तिला नख लावून बघायच्या. सालीखाली हिरवं दिसलं की म्हणायच्या, "जित्ती हाय!" एकदा माझ्या छडीलाही त्यांनी नख लावलं. "ही मेलीय, गुरुजी. लेकरायला कशाला हाणता हिच्यानं?" त्यानंतर छडी उचलताना मला लाज वाटू लागली.

वालूरच्या शाळेत मी मास्तर होतो आणि मावशी माझ्या शेजारीण. मेंढरं राखून हात राठ झालेले, जीभ त्याहून राठ. अंगणात एकच झाड होतं, पिवळी कोरांटी. एकुलत्या एका लेकीने लग्नाआधी लावलेली. ती लेक गंगाखेडला सासरी पहिल्या बाळंतपणात वारली. तेव्हापासून नवरात्रात घटावर एक तरी माळ या कोरांटीची चढायची. "लेकीच्या हातची हाय," मावशी सांगायच्या. झाडाला पाणी मात्र जेवून हात धुतलेलं. "लय लाड केले की नासती ती." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, लाड नको म्हणत जीव लावणारी.

निजामी राज्याच्या शेवटच्या वर्षी दंगेधोपे वाढले, माणसं गाव सोडू लागली. मावशींचा भाऊ त्यांना निजामाच्या हद्दीपलीकडे घेऊन गेला. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "वाळली दिसली तरी उपटू नका, गुरुजी. नख लावून बघा."

पुढे शाळा बंद पडली आणि मीही माझ्या गावी पळालो. उन्हाळ्यात परतलो तर कोरांटीच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. आपल्या हलगर्जीपणाने मेली, मावशींना दिसायला नको, म्हणून मी ती उपटली. मग त्यांचं बोलणं आठवलं. नख लावलं. खाली हिरवं होतं.

मुळं तुटली होती. तशीच पुन्हा रोवली, घागरीच्या घागरी ओतल्या. पावसाळा सरत आला तरी पान फुटलं नाही.

राज्य गेलं, मावशी परत आल्या. गाठोडं उतरवण्याआधीच कोरांटीपाशी बसल्या. शेंड्याला नख लावलं, मध्ये लावलं, बुडाला लावलं.

"पाणी घातलं व्हतं ना, गुरुजी?"

"घातलं होतं."

"मंग तुमचा काय दोष? तिचं आयुष्यच तेवढं."

खरं सांगण्याऐवजी मी त्यांचं गाठोडं उतरवून घेतलं. त्याची बोच अजून जात नाही. त्या नवरात्रात घटावर कारळाच्या फुलांच्या माळा चढल्या.

जेवल्यावर हात मात्र मावशी तिथेच धुवायच्या, आणि रोज नव्या जागी नख लावायच्या. तीन वर्षांनी त्या गेल्या. दिवसपाणी उरकल्यावर भाऊ अंगण साफ करू लागला. त्याने त्या काडीला हात घातला.

"उपटू नका!" मी ओरडलो.

त्याने हात मागे घेतला. काडी बुडापासून शेंड्यापर्यंत नखांनी सोलून पांढरी झाली होती.